दोनशे तेवीसच्या जागी दोनशे चोवीस : एका गिटारच्या टोन नॉबचे प्रकरण

दिवाळीनंतरच्या आठवड्यात कोथरूडमधील माझ्या दुरुस्तीच्या खोलीवर एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी आपली इलेक्ट्रिक गिटार घेऊन आली. गिटार सात वर्षे वापरलेली होती आणि तिची रचना अगदी साधी होती: दोन हंबकर पिकअप (पिकअप म्हणजे तारांचे कंपन विद्युत संदेशात बदलणारा भाग, हंबकर म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप), एक व्हॉल्यूमचा नॉब, आवाजाची धार कमी करणारा एक टोनचा नॉब आणि तीन जागांचा स्विच. तिच्या महाविद्यालयाचा संघ फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तयारीला लागला होता. त्यातील एका प्रवेशात गायिकेच्या आवाजामागे मऊ, गोल, कडा नसलेल्या स्वरांत एक सुरावट वाजवण्याचे काम तिच्याकडे आले होते. एरवी ती टोनचा नॉब कायम दहावर ठेवून वाजवत असे आणि त्याला हातही लावत नसे. तो खाली आणण्याची वेळ प्रथमच आली आणि गिटारमधील दोषही तेव्हाच उघड झाला.

तिने सांगितलेली तक्रार मी माझ्या वहीत तिच्याच शब्दांत उतरवून घेतली होती. “काका, दहापासून दोनपर्यंत काही होतच नाही. मग शेवटी एकदम सगळं बुडतं. जाड तारा घुमतात, पातळ तारा तर ऐकूच येत नाहीत.” या बोलण्यात दोन स्वतंत्र दोषांचे वर्णन होते. मी त्यातील एकच ऐकला, आणि त्यामुळे या गिटारचे झाकण मला एकाऐवजी दोनदा उघडावे लागले.

गिटारचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात टोनचा नॉब फिरवताना खरखर येऊ लागली, म्हणून शहरातच एका ठिकाणी दुरुस्ती करून घेतली होती. तेथे टोनचा पॉट, म्हणजे नॉबखालचा फिरवून बदलता येणारा रोध, बदलला गेला आणि त्याला जोडलेला कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा छोटा भाग, तोही बदलला गेला. गिटार परत देताना दोन्ही नॉब पूर्ण उघडे ठेवून अॅम्प्लिफायरवर वाजवून दाखवली होती आणि तेव्हा ती उत्तम वाजत होती. या शेवटच्या वाक्यावर कोणालाही शंका घेण्याचे कारण नाही. टोन दहावर असताना ती गिटार माझ्याकडेही उत्तमच वाजत होती, आणि प्रकरणाची खरी अडचण नेमकी तेथेच होती.

टोनच्या नॉबमागे काय घडते

पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, गिटारमधील टोन कंट्रोल म्हणजे पिकअपच्या संदेशाला ग्राउंडकडे नेणारी एक आडवाट असते. त्या वाटेवर प्रथम पॉट आणि मग कपॅसिटर अशी एकापाठोपाठ एक जोडणी असते. कपॅसिटर उंच वारंवारतेला सहज जाऊ देतो आणि खालच्या वारंवारतेला अडवतो. पॉट त्या वाटेवरचे फाटक किती उघडे ठेवायचे ते ठरवतो. बहुतेक ठिकाणी स्पष्टीकरण येथे थांबते, पण येथे थांबल्यास कपॅसिटरच्या आकड्याचा अर्थ लागत नाही, कारण त्यात पिकअप कोठेच आलेला नाही. हंबकरच्या दोन वेटोळ्यांत अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात आणि त्यामुळे त्याला मोठा इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण, असतो. या गिटारच्या मानेकडील पिकअपचा रोध मल्टीमीटरवर ७.९ किलोओहम आणि इंडक्टन्स एलसीआर मीटरवर साडेचार हेन्रीच्या आसपास भरला. इंडक्टन्स आणि धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) एकत्र आली की त्यांची एक अनुनादी वारंवारता तयार होते; इंडक्टन्स आणि धारिता यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढायचे, त्याला दोन पायने गुणायचे आणि येणाऱ्या उत्तराने एकला भागायचे, हे सूत्र बारावीच्या भौतिकशास्त्रात सर्वांनी पाहिलेले असते. त्या वारंवारतेच्या आसपास आवाजाला उठाव मिळतो आणि तिच्या वर तो झपाट्याने उतरत जातो.

टोन दहावर असताना पिकअपला दिसणारी धारिता ही केबलची आणि पिकअपच्या वेटोळ्यांची स्वतःची असते, ती दोन्ही मिळून साधारण ६०० पिकोफॅरड धरता येईल. साडेचार हेन्रीबरोबर तिचा अनुनाद ३ किलोहर्ट्झच्या जवळ येतो. उघड्या हंबकरचा जो टोकदार, खणखणीत आवाज आपण ओळखतो, तो या उठावामुळे असतो. या अवस्थेत टोनचा कपॅसिटर काय करतो? ०.०२२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा अवरोध ३ किलोहर्ट्झला सुमारे २.४ किलोओहम असतो, आणि त्याच्या आधी पॉटचे ५०० किलोओहम उभे असतात. म्हणजे आडवाटेचा अवरोध ढोबळ बेरजेने ५०२.४ किलोओहम होतो. आता कपॅसिटर दहापट मोठा बसवला, तर ही बेरीज ५००.२४ होते. हा फरक कोणत्याही कानाला कळणे शक्य नाही. टोन दहावर ठेवून गिटार तपासणाऱ्या माणसाने कपॅसिटर तपासलेलाच नसतो. त्याने फक्त पॉट जोडलेला आहे एवढेच तपासलेले असते.

पहिली तपासणी

केबल बदलून आणि गिटार दुसऱ्या अॅम्प्लिफायरला लावून पाहिली. तक्रार तशीच राहिली, म्हणून मागचे झाकण उघडले. टोनच्या पॉटला लावलेला कपॅसिटर हिरवट तपकिरी रंगाचा, चिंचोक्याएवढा पॉलिएस्टरचा होता. ०.०२२ मायक्रोफॅरडचा त्याच जातीचा कपॅसिटर याच्या निम्म्याहून थोडा मोठा असतो, त्यामुळे शंका आकारावरूनच आली होती. भिंगाखाली धरल्यावर त्यावरील अक्षरे वाचता आली: २ए२२४जे. यातील ‘२ए’ म्हणजे १०० व्होल्टची क्षमता आणि ‘जे’ म्हणजे पाच टक्क्यांची सहनमर्यादा. मधला आकडा महत्त्वाचा. त्यातील पहिले दोन अंक जसेच्या तसे घ्यायचे आणि तिसरा अंक जितका असेल तितकी शून्ये पुढे लिहायची. उत्तर पिकोफॅरडमध्ये मिळते. २२३ म्हणजे २२,००० पिकोफॅरड, अर्थात २२ नॅनोफॅरड किंवा ०.०२२ मायक्रोफॅरड. २२४ म्हणजे २,२०,००० पिकोफॅरड, अर्थात ०.२२ मायक्रोफॅरड. वाचताना दोनशे तेवीसनंतर दोनशे चोवीस असे शेजारचे आकडे वाटतात, पण त्यांच्यात दहापटीचे अंतर असते. दुकानात तोंडी मागणी करताना घोटाळा आणखी सोपा होतो, कारण ‘पॉइंट झिरो टू टू’ आणि ‘पॉइंट टू टू’ यांत गर्दीच्या काउंटरवर एक शब्द गळून पडायला वेळ लागत नाही. या गिटारमध्ये नेमके कोठे काय चुकले ते शोधण्यात मला रस नव्हता. ही चूक किती सहज होते, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

या दहापटीचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. नॉब शून्यावर आला की पॉटचा रोध जवळजवळ नाहीसा होतो आणि कपॅसिटर सरळ पिकअपवर बसतो. २२ नॅनोफॅरड असेल तर नवी अनुनादी वारंवारता सुमारे ५०० हर्ट्झवर येते. २२० नॅनोफॅरड असेल तर ती सुमारे १६० हर्ट्झवर जाते. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर तिची मूळ वारंवारता ८२ हर्ट्झ असते, सर्वांत पातळ तारेची ३३० हर्ट्झ, आणि त्याच पातळ तारेवर बाराव्या पडद्यावर ती ६५९ हर्ट्झ होते. २२० नॅनोफॅरडचा हिशेब मांडल्यावर जाड तारेचा मूळ स्वर दीड डेसिबलच्या आत उतरतो, मोकळ्या पातळ तारेचा मूळ स्वर मात्र जवळजवळ १४ डेसिबल खाली जातो आणि बाराव्या पडद्यावरचा सुमारे २५ डेसिबल. तेथे नुसती धार कमी होत नाही, स्वरच बुडतो. उलट २२ नॅनोफॅरडला पातळ तारेचा मोकळा स्वर किंचित उठतो आणि बाराव्या पडद्यावरचा जवळपास जागच्या जागी राहतो; जे उतरते ते त्यावरचे उपस्वर. “जाड तारा घुमतात, पातळ तारा ऐकू येत नाहीत” हे तिचे वर्णन या हिशेबाशी तंतोतंत जुळत होते.

दोष इतका ठळक सापडल्यावर मी पुढे काही मोजले नाही. २२४ काढला, २२३ बसवला, नॉब शून्यावर आणून सहाही तारा वाजवून पाहिल्या, आवाज गोल आणि भरीव आला, आणि गिटार तिला परत दिली.

दुसरी भेट

चार दिवसांनी ती पुन्हा आली. शून्यावरचा आवाज तिला आवडला होता. पण तिला शून्यावर वाजवायचे नव्हतेच. तिला दहा आणि शून्य यांच्या मधली एक जागा हवी होती आणि ती सापडत नव्हती. “तीनवर ठेवलं तरी टोन उघडाच वाटतो, आणि एकच्या खाली केसभर फिरवलं की थेट शून्यासारखा.” पहिल्या दिवशीच्या तक्रारीतले पहिले वाक्य हेच होते, आणि ते मी वहीत लिहूनही विसरलो होतो.

या वेळी पॉटची एक तार मोकळी करून रोध मोजला. नॉबवर दहा असताना ४९१ किलोओहम, पाचवर २४६, तीनवर १४८, दोनवर ९७, एकवर ४६. हा सरळ रेषेत उतरणारा लिनियर पॉट होता. पॉटच्या पाठीवर बी५००के असे छापलेले होते, आणि ते पहिल्या दिवशीही तेथेच होते. बाजारात मिळणाऱ्या आशियाई पॉटवर ‘बी’ म्हणजे लिनियर आणि ‘ए’ म्हणजे लॉग, अर्थात नॉबच्या खालच्या भागात सावकाश आणि वरच्या भागात झपाट्याने बदलणारा, असा संकेत असतो. टोनसाठी बहुधा लॉग पॉट वापरतात आणि त्याला कारण आहे.

मधल्या जागांवर काय घडते ते पिकअपच्या बाजूने पाहिले पाहिजे. अनुनादाच्या ठिकाणी या पिकअपचा आणि केबलचा स्वभावरोध, म्हणजे इंडक्टन्सला धारितेने भागून काढलेले वर्गमूळ, सुमारे ८७ किलोओहम येतो. त्याच्यावर व्हॉल्यूमचा ५०० किलोओहमचा पॉट आणि अॅम्प्लिफायरचा एक मेगाओहम असा भार असतोच; त्यात टोनचा रोध जितका कमी होत जाईल तितका ३ किलोहर्ट्झवरचा उठाव दबत जातो. ५०० किलोओहमला हा उठाव हिशेबाने पाच-सहा डेसिबल असतो. १०० किलोओहमला तो नाहीसा होतो, पण त्याहून अधिक काही होत नाही. आवाज सपाट होतो, मऊ होत नाही. मऊपणा खऱ्या अर्थाने सुरू होतो तो ५० किलोओहमच्या खाली, जेव्हा हा रोध आणि पिकअपचा इंडक्टन्स मिळून वरची बाजू कापू लागतात. एकूण भार ३६ किलोओहमच्या आसपास आला की हा काप साधारण १३०० हर्ट्झवर येतो, २४ च्या आसपास आला की साधारण ८०० वर. लिनियर पॉटमध्ये ही सगळी गंमत एक ते शून्य एवढ्या अरुंद पट्ट्यात कोंबलेली असते. लॉग पॉट तोच प्रवास नॉबच्या खालच्या अर्ध्या भागात पसरवून देतो.

या हिशेबातून निघणारी गोष्ट मला संपूर्ण प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. पॉटचा रोध ५० किलोओहमच्या वर असताना कपॅसिटर २२ नॅनोफॅरडचा असो की ४७ चा, फरक नगण्य असतो, कारण ५०० हर्ट्झलाही २२ नॅनोफॅरडचा अवरोध साडेचौदा किलोओहमच असतो आणि त्याहून वरच्या वारंवारतेला तो आणखी कमी होतो. वाटेतला मोठा अडथळा पॉटच असतो. कपॅसिटरचा आकडा ऐकू येऊ लागतो तो पॉट सुमारे पंधरा-वीस किलोओहमच्या खाली उतरल्यावर. नॉबचा शेवट कोठे होणार हे कपॅसिटर ठरवतो, आणि तेथवरची वाट कशी जाणार हे पॉट ठरवतो. “टोन नीट चालत नाही” या एका वाक्याखाली या दोन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि एक दुरुस्त केल्याने दुसरी जात नाही. पहिल्या दिवशी मी शेवट दुरुस्त केला होता. वाट तशीच सोडली होती.

बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत लिनियर पॉट पहिल्याच दुकानात मिळाला असता. लॉग पॉटसाठी, तोही गिटारच्या भोकात बसणाऱ्या मापाचा, मला तिसऱ्या दुकानापर्यंत जावे लागले. विकत घेण्यापूर्वी काउंटरवरच मल्टीमीटर लावून मोजला, कारण पाठीवरचे अक्षर आणि आतली पट्टी जुळतीलच असे गृहीत धरण्याची माझी आता तयारी नव्हती. दहावर ५०८, सातवर २४०, पाचवर ७२, तीनवर ४१, दोनवर २६, एकवर १२ किलोओहम. बसवल्यावर पाचपासून खाली प्रत्येक आकड्याला आवाज थोडा थोडा मिटत गेला. तिने नॉब सावकाश दोन-तीन वेळा खालीवर केला आणि मान हलवली.

आकडा कोणता निवडावा

गिटार उघडी होतीच आणि तिच्याकडे वेळही होता, म्हणून २२ हाच आकडा का, याची परीक्षा घ्यायचे ठरवले. या आकड्यांना परंपरेचे वजन आहे. १९५४ साली आलेल्या फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये सुरुवातीला ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आणि २५० किलोओहमचे पॉट असत. गिब्सनच्या लेस पॉलमध्ये १९५७ साली हंबकर आले, तेव्हाच्या गिटारींत ०.०२२ मायक्रोफॅरड आणि ५०० किलोओहम. आज सर्वसाधारण शिरस्ता असा की सिंगल कॉइलला, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपला, ०.०४७ आणि हंबकरला ०.०२२. यामागे काही गूढ आहे असे अनेक वादकांना वाटते, पण हिशेब मांडला की ते उलगडते. सिंगल कॉइल पिकअपचा इंडक्टन्स अडीच हेन्रीच्या आसपास असतो. त्याच्यावर ४७ नॅनोफॅरड ठेवला की नॉबचा तळ, म्हणजे नॉब शून्यावर असतानाची अनुनादी वारंवारता, ४६० हर्ट्झवर येतो. साडेचार हेन्रीच्या हंबकरवर २२ ठेवला की तो ५०० वर येतो. दोन वेगळे पिकअप आणि दोन वेगळे कपॅसिटर, पण तळ जवळजवळ एकच. त्यामुळे कपॅसिटरचा आकडा पिकअपपासून सुटा करून सांगितला, तर त्याला अर्थ राहत नाही.

परीक्षेसाठी ४.७, १०, १५, २२, ३३, ४७ आणि १०० नॅनोफॅरडचे पॉलिएस्टर कपॅसिटर घेतले. प्रत्येकाची किंमत काही रुपये. टोनच्या पॉटपासून दोन तारा झाकणाबाहेर काढून त्यांना क्रोकोडाइल क्लिप लावल्या. ती माझ्याकडे पाठ करून बसली. मानेकडील पिकअप, नॉब शून्यावर, नाटकातील तीच चार मात्रांची सुरावट, आणि प्रत्येक वेळी मी न सांगता कपॅसिटर बदलत गेलो. तिचे शब्द मी तसेच टिपले. १०० ला: “उशीखाली दाबल्यासारखं.” ४७ ला: “बसका, पण शांत. रात्रीचा आवाज.” २२ ला: “गोल.” १० ला ती थोडा वेळ वाजवतच राहिली आणि म्हणाली, “नाकातला आहे. कुणीतरी आऽ म्हणतंय असा.” ४.७ ला तिने मागे वळून विचारले, “टोन कमी केलाय ना?”

१० नॅनोफॅरडबद्दल तिने जे म्हटले त्याचा उलगडा हिशेबात आहे. कपॅसिटर लहान होत जातो तसा तळ वर सरकतोच, पण तेथील उठावही अधिक टोकदार होत जातो. १०० नॅनोफॅरडला तळ २३५ हर्ट्झवर असतो आणि तेथे उठाव असा नसतोच, नुसता उतार असतो. २२ ला ५०० हर्ट्झवर मध्यम उठाव असतो. १० ला तो ७३० हर्ट्झवर जातो आणि चांगलाच उभा राहतो. पिकअपच्या धातूच्या भागांत होणाऱ्या ऱ्हासामुळे तो कागदावरच्यापेक्षा प्रत्यक्षात थोडा कमी भरतो, तरी स्पष्ट ऐकू येतो. माणसाच्या ‘आ’ या स्वराचा पहिला ठळक पट्टा साधारण याच भागात, सातशे-आठशे हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणून हा आवाज गिटारपेक्षा घशातून आल्यासारखा वाटतो. आपल्या कानांना स्वरातील हा फरक नवा नाही. तंबोऱ्याची जवारी खुली की बंद, हे घोडीवरच्या एका दोऱ्याच्या केसभर सरकण्याने ठरते, आणि मिरजेच्या कारागिरांनी त्यात पिढ्या घालवल्या आहेत. अंतर एवढेच की दोरा नवे उपस्वर उमलवतो, तर कपॅसिटर असलेल्यांतून काही काढून घेतो आणि उरलेल्यांतल्या एका पट्ट्याला पुढे आणतो.

त्या दिवशी माझ्या खोलीत तिने २२ निवडला. मीही तोच निवडला असता.

किमतीचा प्रश्न

तिच्या बँडमधील एका मित्राने तिला तेलात भिजवलेल्या कागदाचा महागडा कपॅसिटर आणून दिला होता आणि साधा सिरॅमिक कपॅसिटर “कर्कश” असतो असे सांगितले होते. तिला खरेच तो फरक ऐकू आला होता, म्हणून तो बाजूला सारणे मला योग्य वाटले नाही. मित्राने दाखवण्यासाठी वापरलेला सिरॅमिक कपॅसिटर तिच्या पिशवीत होता. त्यावर २२३झेड असे छापलेले होते. ‘झेड’ म्हणजे छापील आकड्यापेक्षा ८० टक्के जास्त ते २० टक्के कमी, एवढी मोकळीक. मीटरवर तो १७.९ नॅनोफॅरड भरला. महागडा कपॅसिटर २२.३ भरला आणि माझा पॉलिएस्टरचा २१.८. सिरॅमिकला समांतर ४.७ नॅनोफॅरडचा दुसरा कपॅसिटर जोडून त्याची बेरीज २२.६ केली आणि तिघे पुन्हा पाठमोरे ऐकवले. तिला ते वेगळे ओळखता आले नाहीत, मलाही नाहीत. तिला आधी ऐकू आलेला फरक खरा होता, पण तो कागदाचा किंवा तेलाचा नव्हता. तो अठरा आणि बावीस नॅनोफॅरडमधला होता. गिटारच्या पिकअपमधून येणारा संदेश इतका लहान असतो की ५० व्होल्टच्या कपॅसिटरवरही ताण येत नाही, त्यामुळे ४०० किंवा ६०० व्होल्टचा मोठा कपॅसिटर लावून काही साधत नाही. उलट तो या गिटारच्या उथळ खोबणीत बसलाच नसता.

तालमीनंतर

माझ्या खोलीतला निकाल रंगमंचावर टिकेल याची मला खात्री नव्हती, म्हणून त्या दोन तारा मी आठवडाभर झाकणाबाहेरच ठेवल्या आणि २२, १५ आणि १० असे तीन कपॅसिटर रंगांचे ठिपके लावून तिला लहान पिशवीत दिले. कोणता ठिपका कोणत्या आकड्याचा ते सांगितले नाही. तालमीत बरोबर बेस गिटार होती, कीबोर्ड होता आणि गायिका होती.

आठवड्याने ती आली ती हिरवा ठिपका बोटात धरून. तो १० होता. खोलीत जो आवाज तिला गोल वाटला होता, तो तालमीत कीबोर्डच्या डाव्या हातात आणि बेसमध्ये मिसळून गेला. वाजतोय हे तिला बोटांना कळत होते, कानांना नाही. १० चा नाकातला आवाज मात्र गाण्याच्या मागे राहूनही वेगळा ऐकू येत होता. माझ्या मते कारण सरळ आहे: ५०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली त्या रचनेत आधीच गर्दी होती, ७३० च्या आसपास जागा मोकळी होती. मी १५ पुन्हा एकदा ऐकावा असे सुचवले, कारण तो ६०० हर्ट्झवर, दोहोंच्या मध्ये बसतो आणि एकट्याने वाजवतानाही सुखावह वाटतो. तिने ऐकला आणि नको म्हणाली. “एकटीनं वाजवायचं तेव्हा मी दोनवर ठेवीन, काका. शून्य हे त्या गाण्यासाठी.” लॉग पॉट बसवल्यामुळे तिला हा पर्याय आता उपलब्ध होता, दोनवर २६ किलोओहम उभे असताना कपॅसिटरचा तो टोकदार उठाव दबलेला असतो आणि आवाज नुसता मऊ येतो.

मग १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर कायमचा जोडला. त्याच्या पायांवर नळी चढवली, म्हणजे ते पॉटच्या पत्र्याला टेकणार नाहीत. नॉब शून्यावर, दोनवर, पाचवर आणि दहावर ठेवून प्रत्येक ठिकाणी सहाही तारा स्वतंत्र वाजवून ऐकल्या. झाकण लावण्यापूर्वी त्याच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवली आणि तीवर पुढच्या दुरुस्ती करणाऱ्यासाठी लिहिले: टोन ए५००के लॉग, कपॅसिटर १०३, म्हणजे १० नॅनोफॅरड, वादकाने निवडलेला, बदलू नये, तपासणी शून्यावर करावी.